कुणाच्या तोंडचं वाक्य

दहावीच्या इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाऊन तुळसा तिसऱ्या खेपेला पस्तीस मार्कांवर काठाला लागली, तेव्हा तिच्या आईने पेढे वाटले नाहीत. "काठाला लागलीस ना, मंग झाला," एवढंच गोदा म्हणाली आणि पदर खोचून बाळकूमला एका हळदीला निघून गेली.

गोदा धवलारीण होती. कोलशेत आणि आसपासच्या आगरी गावांत लग्न ठरलं की भटजीच्या आधी तिच्याकडे सांगावा जायचा. हळद दळण्यापासून नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, म्हणजे धवला, असे कितीतरी धवले तिला पाठ. अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या घटकेला कोणता धवला घ्यायचा यात तिची कधी चूक झाली नाही. तुळसा आठ-नऊ वर्षांची असताना आईच्या मागे बसून गाणं उचलायची. एकदा नवऱ्या मुलाच्या मांडवात तिने हौसेने आधीच सूर लावला आणि म्हटला तो नेमका नवरीच्या आईचा धवला, लेक देताना आई म्हणते तो. गोदाने गाणं न थांबवता मागे हात नेऊन लेकीच्या तोंडावर ठेवला. घरी येताना मिठागराच्या बांधावरून चालता चालता ती म्हणाली, "शब्द बरोबर व्हतं तुजं. पन कुनाच्या तोंडचं हायत तां आधी बघावा, मंग तोंड उघडावा."

तुळसाला शाळेतलं इंग्रजी कधी आलं नाही ते यामुळेच असावं. पुस्तकातली वाक्यं कुणाच्याच तोंडची नव्हती. कुणीतरी दार उघडायचं, कुणीतरी आंबा खायचं, पण कोण, कुणाला सांगतंय, कशासाठी, काही कळायचं नाही.

इंग्रजी आलं ते नोकरीत. गावातला काळुराम वागळे इस्टेटमध्ये स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. त्याने शब्द टाकला आणि त्र्याऐंशी साली तुळसा तिथे टेलिफोन बोर्डावर लागली. गेटाला लागून एक चिंचोळी खोली, समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडफोन. दिवसभर कानात इंग्रजी पडायचं आणि प्रत्येक वाक्याला माणूस होता. पुण्याचा माल पुरवणारा पार्टीवाला माल उशिरा झाला की अति गोड बोलायचा. मुंबईचा एक पारशी म्हातारा शिवी दिल्यासारखा थँक यू म्हणायचा. वाक्याबरोबर त्याचा खोकला, त्याची घाई, त्याची खोटी नम्रता सगळं तारेतून यायचं. दोन वर्षांत तुळसा असं इंग्रजी बोलायला लागली की मॅनेजरसाहेबांनी एकदा, बाई, तुम्ही कॉन्व्हेंटच्या का, असं विचारलं. तिने पस्तीस मार्कांचं सांगितलं नाही. कागदावर मात्र ती अजून टेंपररी होती. दर सहा महिन्यांनी चार दिवस ब्रेक, मग नवं पत्र.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी कारखान्यात एक जपानी यंत्र आलं आणि त्याच्यामागोमाग ओकुमुरा आले. चाळिशीचे, सडपातळ, रोज इस्त्रीचा निळा युनिफॉर्म. यंत्र बसवायचं, आपल्या माणसाला शिकवायचं आणि फेब्रुवारीअखेर त्यांचे मोठे साहेब जपानहून येतील तेव्हा आपल्या माणसाने ते त्यांच्यासमोर चालवून दाखवायचं, असा करार. शिकवायला काळुरामला दिलं. पहिल्याच आठवड्यात दोघांचं जमलं. यंत्रापाशी भाषा लागतच नव्हती. ओकुमुरा बोटाने दाखवत, काळुराम मान हलवे, तार सुर्रकन आत जाई आणि स्प्रिंग वळून टोपल्यात पडे. कामगार त्यांना ओकूसाहेब म्हणू लागले.

भाषा लागायची ती यंत्रापासून दूर आल्यावर. त्यांच्यापाशी विटेएवढा एक इंग्रजी-जपानी कोश होता. कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं दिसावीत. प्रत्येक शब्दापुढे एकदोन इंग्रजी वाक्यं उदाहरणादाखल दिलेली. ओकुमुरांचा नेम होता, रोज दहा वाक्यं पाठ करायची. शब्दाशब्दाचा अर्थ कोशात असायचाच. तरी वाक्य पुढे येऊन उभं राहायचं आणि काही केल्या बोलायचं नाही.

एका दुपारी त्यांनी घरी ट्रंककॉल लावायला सांगितला. लाइन मिळायला दोन तास लागणार होते. ते बोर्डाच्या खोलीत स्टुलावर बसून राहिले, मांडीवर कोश. बऱ्याच वेळाने त्यांनी तुळसापुढे पान धरलं. 'ही इज नॉट अ‍ॅज यंग अ‍ॅज ही वॉज.' पूर्वी होता तेवढा तो आता तरुण नाही. दोघांचं बोलणं तुटक इंग्रजीतच चालायचं. त्यांनी विचारलं, की हे तर जगातल्या प्रत्येक माणसाला लागू आहे, मी, तुम्ही, हा फोनसुद्धा. मग एवढ्या शहाण्या लोकांनी ते कोशात छापलं कशासाठी?

खिडकीतून समोर ऑफिसचा जिना दिसत होता. वॉचमन भाऊ रजिस्टर घेऊन वर चालले होते. मधल्या वळणावर ते थांबले आणि भिंतीवरची वर्षभर जुनी नोटीस वाचायला लागले. दम खाण्यासाठी हे सोंग ते रोजच करत.

"ते बघा," तुळसा म्हणाली. "हे वाक्य भाऊंचं. मी तुमच्याजवळ म्हणतेय, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात."

ओकुमुरांनी जिन्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, भाऊ स्वतःच असं म्हणाले तर? तर आपण म्हणायचं, छे हो, कुठे म्हातारे झालात, तुळसा म्हणाली. त्यांनी खिशातून छोटी वही काढली, वाक्य लिहिलं आणि खाली लिहिलं: भाऊ, जिना, म्हणणारी तुळसा. त्या दिवशी ट्रंककॉल लागलाच नाही, पण ते हसतच उठले.

मग हा रोजचा पाठ झाला. जेवणाच्या सुट्टीत बोर्ड शांत असला की ओकुमुरा वाक्य घेऊन यायचे आणि तुळसा त्याला माणूस शोधून द्यायची. तिला ती सगळी वाक्यं मांडवाबाहेर हरवलेल्या धवल्यांसारखी वाटायची. शब्द चोख, पण वाट चुकलेली. घरी पोचवली की बोलत.

'आय वुडन्ट से नो टू अ कप ऑफ टी.' चहाला मी नाही म्हणणार नाही. म्हणजे माणसाला चहा हवाय की नकोय, हा ओकुमुरांचा पेच. दोन नकार समोरासमोर उभे, होकार कुठेच नाही. तुळसाला हसूच आलं. आमच्याकडे तर लोक दुसरं काही म्हणतच नाहीत, तिने सांगितलं. पाहुणा आधी नको म्हणतो, मग म्हणतो, चहाला नाही म्हणू नये, आणि कप पुढे करतो. दुसऱ्या दिवशी ओकुमुरा कँटीनमध्ये चहा देणाऱ्या शालनसमोर उभे राहिले आणि सगळं वाक्य एका दमात म्हणाले. शालनला इंग्रजीचा गंध नव्हता. तिने चेहरा बघितला आणि कप भरला. ओकुमुरांच्या वहीत चहाच्या वाक्याखाली शालनचं नाव पडलं.

'दॅट विल डू', म्हणजे एवढं पुरे, हे चांगलं की वाईट, यावर तीन दिवस गेले. तुळसा म्हणाली, आईने पोराला म्हटलं तर वाईट, शिंप्याने कापड मोजताना म्हटलं तर ना चांगलं ना वाईट, आणि काळुरामने स्प्रिंग उजेडात धरून म्हटलं तर चांगलं. ओकुमुरांनी तिघांनाही लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, काळुरामने आज स्प्रिंग उजेडात धरली. काही बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

एका वाक्याला मात्र माणूस मिळेना. 'ही वॉज अ‍ॅज गुड अ‍ॅज हिज वर्ड.' तो आपल्या शब्दाइतकाच चांगला होता. शब्द चांगला कसा असेल आणि माणूस शब्दाएवढा कसा असेल, ओकुमुरांना उमगेना. दिला शब्द पाळणारा, तुळसाने अर्थ सांगितला, पुण्याच्या पार्टीवाल्याचं नाव सुचवलं आणि स्वतःच परत घेतलं. मॅनेजरसाहेबांचं नाव दोघांनीही घेतलं नाही. ओकुमुरा म्हणाले, राहू दे, हा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांनी खाली रेघ मारून जागा कोरी ठेवली.

जानेवारीत मॅनेजरसाहेबांनी तुळसाला बोलावून घेतलं. त्या जपान्याचं आणि आपल्या लोकांचं छान जमवून दिलंत, असं म्हणाले. फेब्रुवारीची ट्रायल नीट पार पडली की तुमचं परमनंटचं पत्र मी स्वतः टाइप करायला देतो, फाइल माझ्या टेबलावरच आहे. तुळसाने ते घरी सांगितलं नाही. गोदाचे गुडघे आता धरले होते, लग्नाची आमंत्रणं ती अर्धी नाकारत होती आणि ब्रेकच्या चार दिवसांत पगाराची वाट बघणं काय असतं ते दोघींना ठाऊक होतं. पत्र हातात आल्यावर सांगू, तिने ठरवलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काळुरामचे वडील, परशुरामबाबा, गेले. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. दोन वर्षं खाटेवर होते, वाचा गेलेली, कूस बदलायलाही कुणीतरी लागायचं. ते सगळं काळुरामने केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सुतकाची रजा वाढवून घ्यायला गेटपर्यंत आला. आत आला नाही. टाइमकीपर नामा कागद घेऊन बाहेर गेला, चारपाच जण भोवती जमले.

ओकुमुरा यंत्रावरून उठून आले. तुळसाने खिडकीतून बघितलं, त्यांनी युनिफॉर्मची सगळी बटणं लावली होती. ते काळुरामसमोर उभे राहिले, कमरेत वाकले आणि सावकाश, एकेक शब्द धुऊन ठेवावा तसे बोलले. परशुरामबाबांचं नाव घेऊन त्यांनी सांगितलं, की मरण ही त्यांची दयाळू सुटका होती.

वाक्य ऐकताच तुळसाला कळलं की ते कोशातलं आहे आणि हेही कळलं की या एकाच वाक्यासाठी ओकुमुरा तिच्याकडे आले नव्हते.

काळुरामने नामाकडे बघितलं. नामाने अर्थ सांगितला. "म्हणतो, बाप सुटला, गेला ते बरं झालं."

कागदावर सही न करताच काळुराम वळला आणि निघून गेला.

दुपारी बोर्डावर एक लाइन लागली. गावातल्या वाण्याच्या दुकानातून फोन होता, मॅनेजरसाहेबांना द्या, एवढंच पलीकडून आलं. काळुरामचा आवाज तुळसाने ओळखला, त्यानेही तिचा ओळखला असणार, पण नाव घेतलं नाही. तिने जोडून दिला. ऐकायचं नाही हा बोर्डाचा नियम, पण तार काढायच्या आत एक वाक्य कानावर आलंच, की बारावं झाल्यावर मी कामावर येईन, पण त्या मशिनीवर नाही. त्या मानसाबरोबर मी उबा ऱ्हानार नाय.

मॅनेजरसाहेब चांगले मराठी बोलायचे आणि रागावले की जास्तच चांगलं. त्यांनी तुळसाला सांगितलं, की पंधरा दिवसांत दुसरा माणूस तयार होणे शक्य नाही. काळुराम नसेल तर ट्रायल नाही, ट्रायल नाही तर हा गृहस्थ नापास होऊन परत जाईल आणि आपल्याला पुढचं यंत्र मिळणार नाही. मग टेबलावरची एक फाइल उचलून त्यांनी कपाटावर ठेवली. "त्यांना इंग्रजी तुम्ही शिकवत होतात ना," ते म्हणाले. "मग हेही तुम्हीच निस्तरा."

ओकुमुरा बोर्डाच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या हातात कोश होता, मिटलेला. ते स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, वाक्यात चूक होती का?

"नाही. वाक्य बरोबर होतं."

"मग?"

"तुमचं नव्हतं."

त्यांनी पान उघडून दाखवलं. रविवारभर बसून त्यांनी ते वाक्य निवडलं होतं. मृत्यूची इतर वाक्यं त्यांना कठोर वाटली, याचा जपानी अर्थ तेवढा मऊ होता. आणि आणखी एक कारण होतं, ते त्यांनी खाली बघत सांगितलं. त्यांची आई अशीच वर्षभर अंथरुणावर होती. ती गेली तेव्हा मावशी नेमकं हेच म्हणाली होती आणि त्या एका वाक्याने त्यांना बरं वाटलं होतं. काळुरामलाही वाटेल, असं त्यांना वाटलं.

"मावशी म्हणाली होती," तुळसा म्हणाली.

तेवढ्याने त्यांना कळलं. त्यांनी कोश मिटला.

गावात बातमी तुळसाच्या आधी पोचली होती. नळावर एकीने हंडा लावता लावता विचारलं, की तुझा जपानी आता आमच्याबी मयताला बोलायला येनार कं, आधी सांगून ठेव, म्हणजे आमी मरायचा तां बघून मरू. बाया हसल्या. तुळसा कळशी भरून घरी आली आणि तिने आईपुढे सगळं मांडलं, फाइलीसकट. ओकुमुरांना काळुरामच्या घरी न्यावं का, हा तिचा प्रश्न होता. नेलं आणि आणखी बिनसलं तर?

गोदा गुडघ्याला तेल चोळत होती. "ने," ती म्हणाली. "पन बोलू नको देऊस. नवऱ्याच्या मांडवान तुजा तोंड कोनी धरला व्हता?"

सहाव्या दिवशी दुपारी तुळसा ओकुमुरांना घेऊन निघाली. वाटेत तिने त्यांना नियम सांगितले. आमच्याकडे दुखवट्याच्या घरी कुणी या म्हणत नाही आणि निघताना आपण येतो म्हणत नाही. जायचं, बसायचं, उठायचं. तिथे एकही वाक्य लागत नाही. ओकुमुरांनी विचारलं, हातात काय न्यायचं? चहाची पुडी आणि साखर, तुळसा म्हणाली, चूल बंद असते. कोश त्यांनी खोलीवर ठेवला होता. तो नसल्याने त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

काळुरामच्या ओटीवर पंधरावीस माणसं बसली होती. ओकुमुरा उंबऱ्याबाहेर बूट काढून आत आले तेव्हा सगळं बोलणं थांबलं. काळुराम भिंतीला टेकून बसला होता. त्याने बघितलं आणि मान वळवली. कुणी या म्हटलं नाही. तुळसाने पुडी आतल्या बाईच्या हातात दिली आणि दोघं दाराजवळच्या चटईवर बसली. ओकुमुरा गुडघे दुमडून टाचांवर ताठ बसले. अर्धा तास गेला. एक माणूस उठून गेला, दोन आली. ओकुमुरा हललेसुद्धा नाहीत.

मग आतून ठमाबाई आली. ती परशुरामबाबांची थोरली बहीण, सत्तरीच्या पुढची, काठी टेकत चालणारी. भावाच्या खाटेची जागा रिकामी होती, तिथे पणती होती. तिने वात सारखी केली आणि कुणाकडेही न बघता बोलली. "सुटला माजा भाव. दोन वरसां लोलत पडलेला. बरा झाला, सुटला."

ओटीवरच्या माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी हो म्हणालं. कुणालाच काही बोचलं नाही.

ओकुमुरांना शब्द कळले नव्हते, पण म्हातारीच्या आवाजात काहीतरी ओळखीचं असावं. त्यांनी तुळसाकडे बघितलं. न बोलायचा नियम तिनेच घातला होता. एक क्षण तिला वाटलं, गप्प राहावं, फाइल कपाटावर राहिली तरी राहू दे, पण या घरात ते वाक्य पुन्हा नको. मग तिने ठमाबाईकडे हात केला आणि कोशातलं तेच इंग्रजी वाक्य हळू आवाजात म्हटलं, ठमाबाईचं म्हणून.

काळुरामने मान वर केली. ते शब्द त्याने ओळखले. तो आधी तुळसाकडे आणि मग आत्याकडे बघत राहिला. ठमाबाईला काही पत्ता नव्हता, ती वातच बघत होती.

"आत्या बोलली तां नाय बोचला," शेवटी काळुराम म्हणाला. तो तुळसाशी बोलत होता, पण ओटी ऐकत होती. "यान् बोल्ला तवा बोचला. कनाला बोचला, ठाव हाय? बाबा गेला त्याच्या आदल्या राती मीच देवाला बोल्लेलो, आता सोडव याला. कोनाला सांगितला नव्हता. आन हा मानूस गेटावर येऊन तोच शब्द बोल्ला. मना वाटला, यान् कसा ऐकला?"

त्याचा आवाज तिथेच फुटला. दोन वर्षं बापाची कूस बदलणारा, मयताच्या दिवशीही सगळ्यांचं चहापाणी बघणारा काळुराम गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. ठमाबाईने काठी सरकवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. बापासाठी तूच होतास म्हणून तो एवढा राहिला, असं काहीसं ती पुटपुटत होती.

तुळसाने हे ओकुमुरांना सांगितलं नाही. काळुरामने ते त्यांना म्हटलं नव्हतं. त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि कपाळ चटईला लागेपर्यंत खाली वाकले आणि तसेच राहिले. ओटीवरची माणसं अवघडली. ठमाबाईनेच सोडवणूक केली. "उठव गो त्याला," ती तुळसाला म्हणाली. "जेवलाय का नाय तां विचार. बारीक हाय किती."

दोघं उठली. जाताना कुणी येतो म्हटलं नाही, ओकुमुरांनी नुसती मान लववली. दोघं अंगणात पोचली तोच मागून काळुरामचा आवाज आला. डोळे पुसलेले नव्हते, पण आवाज यंत्रापाशी असायचा तसा होता. "बारावा झाला की सोमवारी येतो. सातच्या पाळीला. सांग त्यांना."

हे तिने सांगितलं. सात, ओकुमुरा म्हणाले आणि बोटांवर सात दाखवले. काळुरामने मान हलवली.

परतताना बाळकूमच्या थांब्यावर बसची वाट बघत ओकुमुरांनी वही काढली. त्या वाक्याचं पान त्यांनी गेटावरच्या दिवसाआधीच करून ठेवलं होतं. खाली जागा मोकळी होती. तिथे त्यांनी लिहिलं: ठमाबाई, थोरली बहीण. जरा थांबून खाली आणखी दोन शब्द लिहिले: मी नाही.

पुढचं सरळ आहे. फेब्रुवारीअखेर मोठे साहेब आले, हात मागे बांधून अर्धा तास उभे राहिले, यंत्र एकदाही अडलं नाही. मार्चमध्ये ओकुमुरा गेले. मॅनेजरसाहेबांनी कपाटावरची फाइल काढायला एप्रिल उजाडवला, पण पत्र दिलं. तुळसाने ते आईच्या मांडीवर ठेवलं आणि गोदाने उलटंच धरून बराच वेळ वाचलं. नव्वदमध्ये तुळसाचं लग्न झालं, ती डोंबिवलीला राहायला गेली. तिथे बिल्डिंगमधल्या दहावीच्या मुली संध्याकाळी तिच्याकडे इंग्रजी घेऊन बसायला लागल्या. तिच्याकडे पुस्तक नसायचं, फी नसायची. मुलीने वाक्य वाचलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. हे कोण म्हणतंय गं, आणि कुणाला? मुली आधी गोंधळायच्या, मग खिदळत नावं घ्यायला लागायच्या, खालच्या मजल्यावरच्या काकू, शाळेचा शिपाई, स्वतःचे वडील. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला एका मुलीला इंग्रजीत ब्याऐंशी मार्क पडले, तेव्हा पेढा घेऊन आलेल्या तिच्या आईने विचारलं, की ताई, तुम्हाला किती होते? पस्तीस, तुळसा म्हणाली, आणि तेही तिसऱ्यांदा. आता ते सांगायला तिला काही वाटत नसे.

पण या सगळ्याआधीचा तो सोमवार. तुळसा पावणेसातलाच बोर्डावर येऊन बसली होती. ओकुमुरा त्याआधीच यंत्रापाशी होते, तारेचं भेंडोळं चढवून, हात बांधून. गेटाकडे ते बघत नव्हते. भाऊ बघत होते, नामा बघत होता, कँटीनच्या दारात शालन पातेलं घेऊन उभी होती. सातचा भोंगा व्हायला दोन मिनिटं असताना डोक्याचा गोटा केलेला, पांढरी टोपी घातलेला काळुराम गेटातून आत आला. त्याने कार्ड पंच केलं, नामाकडे बघितलं नाही, आणि सरळ यंत्रापाशी जाऊन आपल्या जागी उभा राहिला. ओकुमुरांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि बोटाने बटण दाखवलं. तार सुर्रकन आत गेली. पहिली स्प्रिंग काळुरामने उचलली, उजेडात धरली आणि त्यांच्या हातात दिली.

जेवणाच्या सुट्टीत ओकुमुरा बोर्डाच्या खोलीत आले. त्या दिवशी त्यांनी कोणतंही वाक्य आणलं नव्हतं. त्यांनी वही उघडून तुळसापुढे धरली. रेघ मारून कोरी ठेवलेली ती जागा आता कोरी नव्हती. शब्दाइतक्याच चांगल्या असलेल्या माणसाच्या वाक्याखाली, एकेक अक्षर वळवून, त्यांनी देवनागरीत लिहिलं होतं: काळुराम. सात वाजता.

ती अक्षरं नामाने कागदावर लिहून दिली होती, त्यावरून त्यांनी ती गिरवली होती.